घरचा कॉम्प्युटर सारखा हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी या गोष्टी तपासा

फॉर्म भरण्याची शेवटची तारीख असते. कागदपत्रं स्कॅन झालेली, फोटो अपलोड होत आलेला आणि नेमकी त्याच वेळी स्क्रीन थिजते. माउस हलत नाही, कीबोर्ड दाद देत नाही. घरातलं कोणीतरी म्हणतं, 'बटण दाबून बंद कर आणि परत चालू कर.' तेवढ्यापुरतं भागतं, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग सीपीयू पिशवीत घालून तालुक्याला नेला जातो. दुकानात 'फॉरमॅट मारावा लागेल' असं सांगतात आणि घरचे 'मारा' म्हणून मोकळे होतात.

खरं नुकसान इथेच होतं. फॉरमॅटने विंडोज नवं होतं, पण बिघाड हार्ड डिस्कचा, धुळीचा किंवा लाइटचा असेल तर महिनाभरात कॉम्प्युटर पुन्हा हँग व्हायला लागतो. दरम्यान डेस्कटॉपवर ठेवलेले लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट मात्र पुसले गेलेले असतात. म्हणून क्रम लक्षात ठेवायचा: आधी डेटा वाचवा, मग कारण शोधा आणि शेवटी खर्च करा.

हँग कसा होतो ते आधी ओळखा

प्रत्येक हँग सारखा नसतो. चार प्रकार ओळखता आले तर अर्धं काम झालं.

१) एकच प्रोग्राम अडकतो. माउस हलतो, बाकीचं चालतं, पण एका खिडकीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. इथे दोष बहुधा त्या प्रोग्राममध्ये असतो.

२) सगळंच रेंगाळतं. क्लिक केल्यावर मिनिटभराने फोल्डर उघडतं आणि सीपीयूवरचा हार्ड डिस्कचा दिवा सतत लागलेला असतो. अशा वेळी संशय हार्ड डिस्कवर किंवा कमी पडणाऱ्या रॅमवर घ्यावा.

३) सगळं जागच्या जागी थिजतं. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर आतून जिवंत आहे, थोडं थांबा. दिवा हललाच नाही तर पूर्ण सिस्टीम अडकली आहे. यामागे रॅम, ड्रायव्हर, उष्णता किंवा हार्ड डिस्क असू शकते.

४) कॉम्प्युटर आपोआप बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. इथे आधी उष्णता आणि वीजपुरवठा तपासावा.

एका वहीत आठवडाभर टिपून ठेवा: कधी हँग झाला, काय चालू होतं, दुपार होती की रात्र, लाइट डीम झाली होती का. दुकानदाराला 'सारखा हँग होतो' एवढंच सांगण्यापेक्षा 'दुपारी, अर्धा तास चालल्यावर हँग होतो' असं सांगितलं तर त्याचाही वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.

विंडोज स्वतःसुद्धा अशी नोंद ठेवतं. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' दिसतं. त्यात ज्या दिवशी बिघाड झाला त्या दिवसावर लाल फुली असते. फुलीवर क्लिक केलं की कोणता प्रोग्राम बंद पडला ते खाली कळतं.

तेवढ्यापुरता सोडवायचा कसा

लगेच मेन स्विच बंद करू नका. आधी दोन-तीन मिनिटं वाट बघा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. अडकलेला प्रोग्राम निवडून 'एंड टास्क' करा. त्यात न जपलेलं काम जाईल, पण कॉम्प्युटर सुटेल.

स्क्रीन काळी पडली किंवा चित्र गोठलं असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबून बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

काहीच जमलं नाही तर पॉवरचं बटण साधारण दहा सेकंद दाबून धरा. हा शेवटचा उपाय आहे. रोज असं बंद केल्याने फाइली बिघडू शकतात.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० आणि ११ मध्ये 'शट डाऊन' केलं तरी 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे सिस्टीमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून त्रास होत असेल तर बंद-चालू करण्याऐवजी 'रीस्टार्ट' करा.

सगळ्यात आधी डेटा बाहेर काढा

हार्ड डिस्क जायला आली असेल तर ती काही खुणा देते. आतून टकटक किंवा खरखर आवाज येतो. फाइल कॉपी करताना मध्येच अडकते. फोल्डर उघडायला फार वेळ लागतो. काही फोटो अर्धेच दिसतात. विंडोज सुरू व्हायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

यातली एक जरी खूण दिसली तरी बाकीचे प्रयोग थांबवा. डीफ्रॅग करू नका, डिस्क तपासणीही आत्ता चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर असा भार टाकला तर ती तपासणी चालू असतानाच जाऊ शकते. आधी कॉपी करा.

कॉपी करताना परत न मिळणाऱ्या वस्तू पहिल्या घ्या. सातबारा, आधार, मार्कशीट यांची प्रत पुन्हा काढता येते, घरच्या माणसांचे जुने फोटो पुन्हा काढता येत नाहीत. दुकानाचा किंवा डेअरीचा हिशेब, टायपिंग केलेले मजकूर, स्कॅन केलेली जुनी खरेदीखतं हे त्यानंतर. चित्रपट आणि गाणी शेवटी. एकदम सगळं उचलण्यापेक्षा एकेक फोल्डर कॉपी करा, म्हणजे कुठे अडकलं ते कळतं.

इथे एक मोठा गैरसमज आहे. 'माझं सगळं डी ड्राइव्हला आहे, काळजी नाही' असं अनेकजण म्हणतात. घरगुती कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात. एकाच शेताला मध्ये बांध घातला तरी पूर आल्यावर दोन्हीकडे पाणी शिरतंच. फक्त सी फॉरमॅट केला तर डी वाचतो, पण डिस्कच गेली तर दोन्ही जातात. आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे साधारणपणे सी मध्येच असतात, हेही विसरू नका. म्हणून प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवी, आणि महत्त्वाची असेल तर दोन ठिकाणी हवी.

डिस्कची तब्येत बघायला 'क्रिस्टल डिस्क इन्फो' नावाचा मोफत प्रोग्राम आहे. 'गुड' दिसलं तर तूर्त ठीक. पिवळ्या रंगात 'कॉशन' किंवा लाल रंगात 'बॅड' दिसलं तर डिस्क बदलायची तयारी करा. 'गुड' दिसूनही वर सांगितलेल्या खुणा असतील तर विश्वास खुणांवर ठेवा.

डिस्क ठीक वाटली आणि डेटा बाहेर निघाला, की मग सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स' आणि 'चेक' या वाटेने तपासणी करता येते.

टास्क मॅनेजर काय सांगतो

कॉम्प्युटर रेंगाळत असताना टास्क मॅनेजर उघडून सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने बघा. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो.

मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर रॅम कमी पडतेय. ४ जीबी रॅमवर विंडोज १० चालू शकतं, पण त्यासोबत ब्राउझरच्या दहा-बारा टॅब उघडल्या की जागा संपते. मग विंडोज रॅमचं काम हार्ड डिस्ककडून करून घेतं आणि सगळं रेंगाळतं. नको त्या टॅब बंद करा. 'स्टार्टअप' या भागात जाऊन, चालू होतानाच सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम 'डिसेबल' करा.

डिस्क बराच वेळ १०० टक्के असेल आणि प्रत्यक्षात वाचन-लेखन अगदी थोडं होत असेल, तर डिस्क थकलेली आहे किंवा तिची वायर सैल आहे. 'परफॉर्मन्स' या भागात डिस्क जुन्या पद्धतीची एचडीडी आहे की एसएसडी, तेही कळतं.

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तरी कॉम्प्युटर अडकतो. साधारण १५ ते २० टक्के जागा मोकळी असावी. 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'स्टोरेज' इथून टेम्पररी फाइली काढता येतात. तिथे 'डाउनलोड्स'वर खूण करण्याआधी त्यात कामाचं काही नाही ना, ते बघा. आणि विंडोज नावाच्या फोल्डरमधलं हाताने काहीही पुसू नका.

धूळ, ऊन आणि बंद कपाट

विदर्भ, मराठवाडा, खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत आणखी जास्त. त्यात सीपीयू टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटून किंवा वर कापडी कव्हर तसंच ठेवून चालवला जातो. आतली गरम हवा बाहेर पडायला वाट राहत नाही. प्रोसेसर जास्त तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही ताप उतरला नाही तर कॉम्प्युटर बंद पडतो. म्हणून सकाळी नीट चालणारा कॉम्प्युटर दुपारी हँग होतो.

साफसफाई घरीही करता येते. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा. पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. सीपीयू बाहेर ओट्यावर न्या आणि बाजूचं झाकण उघडा. हात लावण्याआधी उघड्या लोखंडी भागाला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. कोरड्या मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ उडवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती जोरात फिरू देऊ नका. ओलं फडकं अजिबात नको. झुरळं, पाली आणि मुंग्या आत घर करतात, तेही बघून घ्या.

झाकण उघडं ठेवून कॉम्प्युटर चालू करा आणि प्रोसेसरवरचा पंखा फिरतोय का, ते लांबून बघा. पंखा फिरत नसेल तर तो बदलावाच लागेल. पंखा चांगला असून ताप कमी होत नसेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल, ती दुकानातून बदलून घ्यावी.

एक पथ्य कडक पाळा. वीजपुरवठा करणारा पत्र्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात काही काळ धोकादायक वीज साठलेली असते.

लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून चालवू नका, खालची हवेची भोकं बंद होतात. लॅपटॉपची बॅटरी फुगून कीबोर्ड वर उचलला गेला असेल तर वापर लगेच थांबवा, चार्जिंगला लावू नका.

लाइटचा त्रास

शेजारची मोटार किंवा पिठाची गिरणी सुरू झाली आणि त्याच वेळी कॉम्प्युटर अडकला, असं दोन-तीनदा दिसलं तर कारण सापडलं. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. डीपीवर लोड वाढला की व्होल्टेज खाली येतं. कमकुवत झालेला एसएमपीएस ते झेपवू शकत नाही.

सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. हे आधी वायरमनकडून दुरुस्त करून घ्या. कॉम्प्युटरच्या आधी माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालणं बंद करा.

लाइट गेल्यावर यूपीएस असूनही कॉम्प्युटर लगेच बंद होत असेल तर यूपीएसची बॅटरी संपलेली आहे. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर त्याच्यावर 'यूपीएस मोड'चं बटण आहे का बघा आणि ते चालू ठेवा. साध्या मोडमध्ये लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचा क्षणभराचा वेळही कॉम्प्युटरला चालत नाही.

रॅमला खोडरबर

दुकानातला हा जुना उपाय खरोखर उपयोगी आहे. दमट हवेने आणि धुळीने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो आणि कॉम्प्युटर मध्येच थिजतो. प्लग काढून, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून रॅम बाहेर काढा. साध्या पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसा, भुगा झटका आणि 'टक' आवाज येईपर्यंत रॅम परत दाबून बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून दोन-दोन दिवस चालवा. एकीवर हँग होतो आणि दुसरीवर नाही, तर दोषी कोण ते कळलं.

विंडोजमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हा तपासही आहे. स्टार्टमध्ये शोधून चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन तपास करतो आणि दोष असेल तर सांगतो.

सॉफ्टवेअरचे घोळ

एकाच कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस ठेवू नका, ते एकमेकांना अडवतात. विंडोज १० आणि ११ मध्ये स्वतःचं डिफेंडर आहे. 'पीसी फास्ट करा', 'क्लीनर', 'बूस्टर' असे प्रोग्राम काढून टाका. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि गावभर फिरलेला पेन ड्राइव्ह हे व्हायरस घरात येण्याचे नेहमीचे रस्ते आहेत.

नवा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर टाकल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर तो काढून बघा. दोष नेमका कुठे आहे हे ठरवायला 'सेफ मोड' उपयोगी पडतो. शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करा, मग 'ट्रबलशूट', 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' आणि पुन्हा 'रीस्टार्ट'. यादी आली की ४ दाबा. सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर तासभर नीट चालला तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. तिथेही थिजला तर हार्डवेअरकडे बघा.

हे हँग नाही, फसवणूक आहे

कधी कधी पूर्ण स्क्रीनवर लाल किंवा निळी सूचना येते, मोठा आवाज होतो आणि 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा' असं दिसतं. हे ब्राउझरमधलं एक पान असतं. फोन करू नका, कोणी सांगितलं म्हणून कॉम्प्युटरचा ताबा देणारं अॅप टाकू नका. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

कॉम्प्युटर जुना झालाय, की फक्त डिस्क?

दहा वर्षांपूर्वी एमएस-सीआयटीच्या निमित्ताने घेतलेला कॉम्प्युटर लगेच भंगारात काढायचं कारण नाही. फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली आणि रॅम ४ ची ८ जीबी केली तर रोजच्या कामात मोठा फरक पडतो, तोही नव्या कॉम्प्युटरच्या मानाने बऱ्याच कमी खर्चात. रॅम घेताना जुनी काढून सोबत न्या, कारण डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही.

मात्र विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर त्यानंतरही चालतो, पण त्यावर बँकेची कामं करणं जोखमीचं आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरमध्ये ती नसते. मोठा खर्च करण्याआधी हे दुकानात विचारून घ्या.

दुकानात नेताना

घरून निघण्याआधी रॅम किती, डिस्क किती जीबीची, ते वहीत लिहा आणि सीपीयूच्या आतला एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. ब्राउझरमध्ये उघडी असलेली खाती लॉग आउट करा. दुकानात तीन गोष्टी स्पष्ट सांगा: विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही, बदललेला जुना पार्ट परत हवा आणि नव्या पार्टचं बिल हवं. एसएमपीएस किंवा रॅमवर संशय असेल तर नवीन घेण्याआधी दुकानातला चालू पार्ट लावून तपासायला सांगा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

फॉरमॅट करणं चूक नाही. विंडोज खरोखर बिघडलं असेल तर तोच उपाय आहे. फक्त तो करताना घरातली एकमेव प्रत त्या डिस्कवर असता कामा नये. आज कॉम्प्युटर नीट चालत असेल तर आजच एक पेन ड्राइव्ह लावा आणि फोटोंचं फोल्डर कॉपी करून घ्या. डिस्क बंद पडल्यावर हे काम घरी होत नाही, आणि कधी कधी कुठेच होत नाही.